घरी डिस्टिलेशन करायचंय? मग भांडं किती लिटरचं घ्याल?

माझ्या मामेबहिणीने गेल्या वर्षी मला व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली. स्टीलचं ५० लिटरचं डिस्टिलेशनचं भांडं, वर तांब्याची कॉइल, किंमत चौदा हजार. ती घरी साबण बनवून विकते. गावाकडच्या शेताच्या बांधावर गवती चहा भरपूर आहे, तर त्याचं तेल आपणच काढू आणि साबणात वापरू, असा तिचा विचार. खाली तिने लिहिलं होतं, "दादा, तू इंजिनिअर आहेस ना? १०, २५ की ५०?"

मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर घेताना आम्ही काय करतो? आज लागतंय त्यापेक्षा थोडं जास्तच घेऊन ठेवतो. त्याच सवयीने मी दोन मिनिटांत उत्तर दिलं, "मोठंच घे, पुढे वाढवता येईल."

पहिल्याच रविवारी तिचा व्हॉइस मेसेज आला. तिने ५ किलो गवत आणि ३० लिटर पाणी भरून भांडं सकाळी गॅसवर चढवलं होतं. उकळी यायलाच जवळपास तीन तास गेले. पुढच्या साडेतीन तासांत चार लिटर पाणी जमलं आणि त्यावर तेल तरंगत होतं जेमतेम ८ मिली, तेही किंचित करपल्या वासाचं. सिलिंडरमधला किलोभर गॅस गेला तो वेगळाच.

चौदा हजार तिच्या साबणाच्या कमाईतले होते आणि सल्ला माझा होता. म्हणून मग मी कागद-पेन घेऊन बसलो. जे गणित लिंक आली तेव्हाच करायला हवं होतं ते नंतर केलं. ते गणित अजिबात अवघड नाही. दहावीचं विज्ञान आणि मोबाईलचा स्टॉपवॉच एवढ्यावर होतं. तुमच्यापैकी कोणी असं भांडं घ्यायच्या विचारात असेल तर ऑर्डर करण्याआधी हे वाचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करूया

"होम डिस्टिलिंग" असं सर्च केलं की निम्मे व्हिडिओ दारू बनवण्याचे निघतात. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला परवानगी आहे, त्यामुळे तिकडे हा उघड छंद आहे. आपल्याकडे नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणं तर गुन्हा आहेच, पण दारू गाळण्यासाठी असं भांडं नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. गोव्यात काजूची फेणी निघते, तिला २००९ साली जीआय मानांकनही मिळालं, पण त्या भट्ट्याही सरकारी परवान्यावरच चालतात.

"पहिली धार फेकून दिली की झालं" हा व्हिडिओतला सल्लाही फसवा आहे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.४ ला, म्हणजे दोन्ही सरळ वेगळे होत असतील असं वाटतं. प्रत्यक्षात मिश्रण उकळताना ते असे रांगेने बाहेर पडत नाहीत, आणि वासावरून किंवा चवीवरून मिथेनॉल ओळखता येत नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीमध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. त्यामुळे या लेखात आपण बोलणार आहोत ते फक्त गुलाबजल, सुगंधी तेल आणि डिस्टिल्ड वॉटरबद्दल.

एक मजेशीर गोष्ट मात्र त्या व्हिडिओंवरून कळते. परदेशात घरी दारू आंबवायच्या बादल्या साधारण २३ ते २५ लिटरच्या असतात, म्हणून तिथली भांडीही २५-३० लिटरची. तेच आकडे पाहून आपण "२५ लिटर म्हणजे स्टँडर्ड साईज" असं धरून चालतो. तुमच्या गुलाबाच्या पाकळ्यांचा त्या बादलीशी काहीएक संबंध नाही.

भांड्यात नेमकं काय घडतं?

भांड्यात पाणी आणि गवत उकळतं. वाफ वरच्या नळीतून कंडेन्सरमध्ये, म्हणजे थंड पाण्यात बुडवलेल्या कॉइलमध्ये जाते. तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते बाटलीत जमतं.

आता प्रश्न असा की गवती चहाच्या वासातला मुख्य घटक सिट्राल, तो उकळतो जवळपास २२९ अंशांना. आपलं भांडं तर १०० च्या वर जातच नाही. मग तेल बाहेर येतं कसं? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांच्या वाफेचा दाब वेगवेगळा मोजला जातो आणि त्यांची बेरीज होते. ही बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळायला लागतं. पाण्याचा वाटा मोठा, तेलाचा छोटा. म्हणजे १०० अंशांच्या किंचित खालीच थोडं थोडं तेल वाफेच्या पाठीवर बसून बाहेर पडतं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तेल वाफेसोबत येतं, म्हणजे तासाला तुम्ही किती वाफ तयार करता यावर सगळं अवलंबून आहे. भांडं किती लिटरचं आहे हे वाफेला माहीतच नसतं. वाफ ठरते शेगडीवरून. म्हणून साईज निवडताना लिटरचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा. त्याआधी चार प्रश्नांची उत्तरं हवीत.

प्रश्न १: तेल हवंय की सुगंधी जल?

ताज्या गवती चहातून वजनाच्या साधारण ०.२ ते ०.५ टक्के तेल निघतं. म्हणजे १ किलो गवतातून २ ते ५ मिली. गुलाबाचं तर विचारूच नका. एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन ते चार टन फुलं लागतात. तुमच्या एक किलो पाकळ्यांतून पाव ग्रॅम तेल निघायचं, आणि तेवढं भांड्याच्या भिंतीलाच चिकटून बसेल.

आता बहिणीच्या साबणाचा हिशोब बघा. साबणात सुगंधी तेल साधारण २ ते ३ टक्के घालतात. १०० ग्रॅमच्या २० वड्या म्हणजे २ किलो साबण, म्हणजे ४० ते ६० ग्रॅम तेल. मधला आकडा धरला तरी त्यासाठी १५ किलोच्या आसपास गवत लागतं. तेही फक्त २० वड्यांसाठी.

सुगंधी जलाची गोष्ट वेगळी. तेल काढताना जे पाणी जमतं, त्यात सुगंधाचे पाण्यात विरघळणारे घटक उतरलेले असतात. गुलाबाच्या बाबतीत तर वासाचा मोठा भाग पाण्यातच राहतो, म्हणून गुलाबजलाला एवढा सुंदर वास येतो. यालाच हायड्रोसोल म्हणतात. एक किलो पाकळ्यांतून एक ते दोन लिटर चांगलं गुलाबजल आरामात मिळतं.

थोडक्यात, घरच्या भांड्यातून जल लिटरमध्ये मिळतं आणि तेल थेंबांत. तुम्हाला यातलं काय हवंय ते आधी ठरवा.

प्रश्न २: एका वेळी माल किती मिळणार?

"पुढेमागे मिळेल" असा माल धरू नका. आज, एका दिवशी, ताजा किती मिळतो ते बघा. बाल्कनीत चार कुंड्या असतील तर पाव किलो. देवळाबाहेरच्या फुलवाल्याकडून पाकळ्या आणत असाल तर किलोभर. (फुलांवर फवारणी झालेली नाही ना, हे मात्र विचारा. चेहऱ्याला लावायचं पाणी आहे.)

गवत आणि पाकळ्या वजनाला हलक्या पण जागा भरपूर खातात. बारीक कापलेला गवती चहा दाबून भरला तर मला किलोला साधारण ५ लिटर जागा लागली. पाकळ्या सैल भरल्या तर किलोला १० लिटर, पण गरम पाण्यात त्या लगेच बसतात.

आणि भांडं कधीच काठोकाठ भरायचं नाही. वरचा किमान एक तृतीयांश भाग रिकामा हवा. उकळताना फेस येतो, तो नळीत गेला की बाटलीत हिरवट काढा उतरतो आणि पानं नळीत अडकायची भीती असते.

अर्धं भरलेलं मोठं भांडं मात्र चालतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. तिथेच पुढचा प्रश्न आडवा येतो.

प्रश्न ३: तुमच्या शेगडीत दम किती?

एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात. पण त्याच १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल! दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा आठवतोय? ग्रॅमला ५४० कॅलरी. तोच हा. उकळी येणं ही फक्त सुरुवात असते, खरा खर्च त्यानंतर असतो.

तुमची शेगडी खरोखर किती उष्णता देते हे मोजायला मोबाईल पुरेसा आहे:

- पातेल्यात बरोबर २ लिटर साधं पाणी घ्या, झाकण ठेवा.
- मोठी शेगडी पूर्ण मोठी करा आणि स्टॉपवॉच सुरू करा.
- खळखळून उकळी आली की थांबवा. किती सेकंद झाले ते बघा.
- ६२८ ला त्या सेकंदांनी भागा. आलेला आकडा म्हणजे पाण्यात खरोखर गेलेले किलोवॅट.

माझ्या गॅसवर ८ मिनिटं लागली, म्हणजे ४८० सेकंद. ६२८ भागिले ४८० म्हणजे १.३ किलोवॅट. बहिणीचा गॅसही साधारण तसाच आहे. २००० वॅटची इंडक्शन शेगडी याहून थोडी जास्त, दीड-पावणेदोन किलोवॅटच्या आसपास देते.

आता यातली सगळी उष्णता वाफेत जात नाही. गरम भांडं स्वतः रेडिएटरसारखं खोलीत उष्णता सोडत राहतं. जेवढा पृष्ठभाग मोठा तेवढी गळती जास्त. माझ्या अंदाजाने, उघड्या स्टीलच्या भांड्यासाठी:

- १० ते १२ लिटर: साधारण ०.२ किलोवॅट गळती
- २५ लिटर: साधारण ०.३ किलोवॅट
- ५० लिटर: साधारण ०.५ किलोवॅट

उरलेल्या किलोवॅटला १.६ ने गुणलं की तासाला किती लिटर जमेल ते कळतं. करून बघूया. १.३ किलोवॅटच्या गॅसवर १२ लिटरचं भांडं: १.१ गुणिले १.६, म्हणजे तासाला पावणेदोन लिटर. त्याच गॅसवर ५० लिटरचं भांडं: ०.८ गुणिले १.६, म्हणजे तासाला सव्वा लिटर.

परत वाचा. तीच शेगडी, तोच गॅस, आणि मोठ्या भांड्यातून तासाला कमी निघतंय. प्रत्यक्षात बहिणीला साडेतीन तासांत चार लिटर मिळालं, म्हणजे गणित बरोबरच निघालं. आमच्या भाषेत याला बॉटलनेक म्हणतात. नेट स्लो असताना फोनमध्ये ५१२ जीबी स्टोरेज घेऊन डाउनलोड फास्ट होत नाही, तसंच हे.

वर उकळी येण्याचा वेळ आहेच. २ लिटरला ८ मिनिटं म्हणजे लिटरला ४ मिनिटं. ६ लिटर पाण्याला २४ मिनिटं, ३० लिटरला दोन तास, आणि गळती व गवताचं वजन धरलं की तीन तास. मी स्वतःसाठी नियम केलाय: भांड्यात भरायचं पाणी ४५ मिनिटांच्या आत उकळलं पाहिजे. माझ्या गॅसवर हे ११ लिटर पाण्यापर्यंत जमतं. वरची जागा मोकळी सोडली तर भांडं फार तर १५-१६ लिटरचं. घरगुती गॅसवर याच्या पुढे जाण्यात मला तरी फायदा दिसत नाही.

इंडक्शनवाल्यांसाठी दोन सूचना. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं साध्या इंडक्शनवर तापतच नाही. फ्रिजवरचं मॅग्नेट घ्या, भांड्याच्या बुडाला चिकटलं तरच चालेल. आणि २००० वॅट म्हणजे जवळपास ९ ॲम्पिअर. त्याला १६ ॲम्पिअरचा मोठा सॉकेट लागतो. मोबाईल चार्जरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर दोन-तीन तास चालवलं तर प्लग वितळू शकतो.

प्रश्न ४: थंड पाणी कुठून आणणार?

वाफ करताना जी उष्णता घातली, तीच कंडेन्सरमध्ये परत बाहेर पडते. ती घेऊन जायला पाणी लागतं. थंड पाणी ३० अंशांनी तापू दिलं तर १ लिटर जल जमवायला साधारण २० लिटर पाणी लागतं.

तासाला पावणेदोन लिटर जमवायचं तर तासाला ३५ लिटर थंड पाणी, म्हणजे जवळपास दोन बादल्या. दोन तास चालवलं तर चार बादल्या. सोसायटीत टँकरचं पाणी येत असेल तर हे आधीच ठरवा. मी ते तापलेलं पाणी बादलीत धरून भांडी घासायला आणि झाडांना वापरतो. बर्फाच्या बाटल्या टाकूनही काम भागतं.

पाणी कमी पडतंय हे कसं ओळखायचं? बाटलीच्या तोंडातून वाफ निघते, जमणारं पाणी हाताला गरम लागतं आणि सगळ्या घरात सुंदर वास पसरतो. घरात पसरलेला तो वास म्हणजे तुमचं उडून चाललेलं तेल. अशा वेळी आच कमी करा.

विकणारे बऱ्याचदा १०, २० आणि ३० लिटरच्या भांड्याला एकच कॉइल देतात. फोटो झूम करून बघा. कॉइल तीच असेल तर मोठ्या भांड्याचे जास्तीचे पैसे तुम्ही फक्त पत्र्याचे देताय.

मग शेवटी किती लिटर?

- घरच्यापुरतं गुलाबजल, एका वेळी पाव ते अर्धा किलो पाकळ्या: ५ ते ८ लिटर.
- दर आठवड्याला गवती चहा, तुळस, मोगरा अशा कशाचं तरी जल, एका वेळी किलो-सव्वा किलो माल: १० ते १२ लिटर. बहुतेक वाचकांसाठी हाच साईज योग्य आहे.
- थोडंफार विकायचंय: १५ लिटर, आणि गरज पडली तर दिवसात दोन घाणे. दोन छोटे घाणे एका मोठ्यापेक्षा लवकर होतात हे वर बघितलंच.
- विकण्याएवढं तेल हवंय: स्वयंपाकघराचा नाद सोडा. शेतकरी यासाठी एका वेळी शेकडो किलो गवत बसेल अशी युनिट्स वापरतात. लखनौची सीएसआयआर-सीमॅप ही संस्था अशा शेतावरच्या युनिट्सवर आणि सुगंधी पिकांवर काम करते. जवळपास असं युनिट असेल तर तिथे गवत नेऊन तेल काढून घेणं परवडतं का, ते आधी विचारा.
- इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर: ४ लिटरचं टेबलावरचं इलेक्ट्रिक यंत्र मिळतं. ७५० वॅटवर ४ लिटरला जवळपास चार तास आणि तीन युनिट वीज जाते. बॅटरीला वर्षभरात मोजके लिटर लागतात. त्यासाठी यंत्र घेण्यापेक्षा दुकानातून कॅन आणा.

यातलं काहीही घेण्याआधी एक फुकटची ट्रायल करा. मोठ्या पातेल्यात मधोमध स्टीलचं छोटं स्टँड, त्यावर वाटी. बाजूने पाकळ्या आणि थोडं पाणी. वर झाकण उलटं ठेवा, म्हणजे त्याची मूठ वाटीवर येईल, आणि झाकणावर बर्फ. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. वाफ झाकणाला लागून मुठीवरून वाटीत टपकते. पाणी आटणार नाही याकडे लक्ष ठेवा. हे जल वापरून आवडलं, आणि महिन्याभरात पुन्हा करावंसं वाटलं, तरच पैसे खर्च करा.

ऑर्डर करण्याआधी हे तपासा

- दाब कुठे जाणार? नळी चोंदली तर बंद भांडं धोकादायक होतं. झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, नाहीतर झाकण स्क्रूने आवळायचं नको. जुनी पद्धत इथे कामाची आहे: झाकणाच्या फटीला भिजवलेली कणीक लावायची. दाब वाढला तर कणीक सुटते आणि वाफ बाहेर पडते. कन्नौजचे अत्तरवाले आजही तांब्याच्या डेगचं तोंड मातीने लिंपून बंद करतात.
- आत जाळी आहे का? गवत बुडाला टेकलं की करपतं. बहिणीच्या पहिल्या तेलाला तो वास याचमुळे आला. जाळीवर गवत आणि खाली पाणी, ही रचना सगळ्यात चांगली.
- नळी कशाची? गरम वाफेच्या वाटेवर साधं प्लास्टिक नको. स्टील, तांबं किंवा फूड ग्रेड सिलिकॉन. तांब्याचे सांधे शिशाच्या डागाने जोडलेले नाहीत ना, विचारून घ्या.
- एकूण वजन किती? ५० लिटरच्या भांड्यात ३० लिटर पाणी, गवत आणि स्वतः भांडं मिळून चाळीस किलोच्या वर जातं. घरचा गॅसचा स्टँड एवढ्यासाठी बनवलेला नाही.
- पाणी आटू देऊ नका. भरलेल्या पाण्याचा निम्मा भाग बाहेर आला की थांबा. भांडं चालू असताना घराबाहेर जाऊ नका.
- जल जास्त टिकत नाही. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर वापरा. म्हणूनही एका वेळी दहा लिटर काढण्यात अर्थ नाही.

त्या ५० लिटरच्या भांड्याचं काय झालं?

परत करायची मुदत निघून गेली होती. विकायला काढलं तर कोणी सहा हजारांच्या वर जाईना. मग एक दिवस हे सगळे आकडे मांडून मी तिला फोन केला आणि आधी सॉरी म्हणालो. नंतर विचारलं, "मामीकडे अंगणातली चूल आहे ना अजून?"

मे महिन्यात आम्ही ते भांडं गावाला नेलं. अंगणातल्या तीन दगडांच्या मोठ्या चुलीवर, जिच्यावर लग्नात भाताची हंडी चढते. चाळीस किलो वजनाचा तिला काही फरक पडत नाही. आत तिने गावच्या लोहाराकडून जाळी बसवून घेतली होती. कॉइलमधून बोअरच्या टाकीचं पाणी फिरवलं आणि गरम झालेलं पाणी पाईपने थेट नारळाच्या आळ्यात सोडलं. तासाभरात उकळी आली. नंतर तासाला चार लिटरच्या आसपास जमत होतं, गॅसवरच्या जवळपास साडेतीनपट. त्याच ५ किलो गवतातून १४ मिली तेल निघालं, आणि वास एकदम स्वच्छ.

सातारच्या फ्लॅटमध्ये तिने आता १२ लिटरचं भांडं घेतलंय. यावेळी तिने मला लिंक पाठवली नाही. २ लिटर पाणी ठेवून स्वतःच वेळ मोजला आणि फक्त स्क्रीनशॉट पाठवला: ७ मिनिटं ५० सेकंद. साबणात ती आता साध्या पाण्याच्या जागी गवती चहाचं जल वापरते, जलाच्या बाटल्या वेगळ्या विकते, आणि तेल काढायला वर्षातून तीन-चारदा गावाला जाते. माझ्या सल्ल्यात गेलेले पैसे अजून पूर्ण भरून निघालेले नाहीत. त्याचा हिशोब तिच्या वहीत माझ्या नावावर लिहिलेला आहे.

तुमच्याही कार्टमध्ये असं एखादं भांडं पडून असेल तर आज संध्याकाळी चहा करायच्या आधी २ लिटर पाणी उकळायला ठेवा आणि स्टॉपवॉच लावा. मिनिटं मोजून झाली की लिटरचा आकडा तुम्हाला आपोआप सापडेल.